पाचव्या महिन्यातलं विणकाम

पाचव्या महिन्यात डॉक्टरीणबाईंनी मला सक्तीनं अंथरुणावर झोपवलं. याआधीची दोन मुलं पोटातच गेली होती, एक तिसऱ्या महिन्यात, एक सहाव्या. पुढच्या महिन्याची मला अशी धास्ती बसली होती की कूस बदलतानाही श्वास रोखून धरायची. मुळात मी भित्री, आणि भित्यापाठी ब्रह्मराक्षस.

ही त्र्याण्णव-चौऱ्याण्णवची गोष्ट. सासर बसवनगुडीतलं, पिढ्यान्‌पिढ्या तिथलंच, निम्मं कन्नड मिसळून मराठी बोलणारं. मी नाशिकची. घरात एक रीत होती: बाळ हातात येईपर्यंत त्याच्यासाठी चिंधीसुद्धा शिवायची नाही. मागच्या खेपेला मी हौसेनं दोन झबली आणून ठेवली होती. सासूबाई त्यावर कधी अवाक्षर बोलल्या नाहीत. पण त्यांच्या मनात काय असेल ते मला कळत होतं, कारण माझ्याही मनात तेच होतं.

दिवसभर छताकडे बघत पडलेली पाहून शेजारच्या कन्नड अक्कांना माझी कीव आली. त्यांनी क्रोशाची सुई आणि पांढऱ्या दोऱ्याची गुंडी आणली. साखळी पहिल्याच दिवशी जमली. खांब काही जमेना. सुईवर दोरा घ्यायचा, सुई घरात घालायची, दोरा ओढून आणायचा, मग दोन-दोन टाके सोडवायचे. माझे टाके इतके आवळलेले की घरात सुईच शिरेना. "स्वल्प लूज," अक्का पुन्हा पुन्हा म्हणायच्या. बोटं सैल करणं माझ्या हातात असतं तर आणखी काय हवं होतं!

खांब कसेबसे जमायला लागल्यावर देवघरातल्या तांब्यावर झाकायला गोल रुमाल करायचं ठरलं. तळहाताएवढा गोल विणून दिला आणि अक्का आठवडाभर लेकीकडे येलहंक्याला गेल्या. गोल विणताना दर फेरीला मधेमधे एकाच घरात दोन खांब घालावे लागतात, तर रुमाल सपाट पसरतो. हे त्यांनी सांगितलं होतं, मी विसरले. चूक होऊ नये म्हणून प्रत्येक घरात एकच खांब, अगदी इमानेइतबारे मोजून. कडा वर वळायला लागल्या तेव्हा वाटलं, इस्त्री फिरवली की बसतील. सहाव्या दिवशी दुपारी विणलेलं उचलून पाहिलं. माझ्या हातात टोपडं होतं.

उसवायला दोरा धरला, पण ओढवेना. आपल्या हातानं बाळाचं टोपडं उसवायचं? ठेवावं तर रीत मोडली, उसवावं तर त्याहून वाईट. इकडे आड, तिकडे विहीर. उशीखाली दडवलं आणि बाळ हलतंय का याचा अंदाज घेत पडून राहिले. हलत नव्हतं. निदान मला तरी कळत नव्हतं. सासूबाई दूध घेऊन आल्या तेव्हा माझा रडून रडून चेहरा सुजला होता. त्यांनी उशी सरकवली.

टोपडं त्यांनी उलटसुलट करून पाहिलं. मग विचारलं, दोरा तोडलास का. मी नाही म्हटलं.

"सरी, ठीक आहे. मग हे झालेलंच नाही अजून," त्या म्हणाल्या. "दोरा तोडला नाही तोवर वस्तू झाली म्हणत नाहीत आमच्यात."

गुंडीसकट टोपडं त्यांनी कपाटात ठेवलं. तासाभरानं पोटात बारीकशी लाथ बसली. पण माझी भीती कुठली जायला? पुढचे चार महिने मी नवऱ्याला रोज ते कपाट उघडून दाखवायला लावायची. उंदरानं दोरा कुरतडला तर?

मुलगी झाली, दिवस भरून, धडधाकट. बारशाच्या सकाळी सासूबाई टोपडं, गुंडी आणि कात्री घेऊन माझ्याजवळ बसल्या. मी सहज विचारलं, ही दोऱ्याची रीत तुमच्यात कधीपासूनची?

"कुठली रीत? तुझं रडं थांबत नव्हतं. सुचलं ते बोलले."

मग तोडा की, मी म्हटलं. त्यांनी कात्री माझ्यापुढे सरकवली. मी ती परत त्यांच्यापुढे सरकवली. पाहुणे यायला लागले तरी ती तिथंच पडून होती.

पाळण्यात घातली तेव्हा लेकीच्या डोक्यावर टोपडं होतं, आणि दोऱ्याची गुंडी तशीच तिच्या उशाशी.