रस्त्यानं अडवलेलं पाणी
अंथुर्ण्यात आमच्या वस्तीचा रस्ता ओढ्याच्या पुरात बुडायचा, म्हणून मी मागे लागून तो उंच करून घेतला. पुढच्या पुरात आमचं घर कोरडं राहिलं, पण रस्त्यानं अडलेलं पाणी पलीकडे राहणाऱ्या चुलतीच्या घरात शिरलं. तिला आमच्याकडे आणलं. चुलीपाशी लुगडं वाळवत ती म्हणाली, "रस्ता झाला ते बरंच झालं. न्हायतर काल नातीला दवाखान्यात कसं न्हेलं असतं?" तिनं मला बोल लावला असता तर सोपं गेलं असतं. मला जेवण गेलं नाही.

पाऊस उघडल्यावर रस्त्याखाली मोठी मोरी टाकायला लावली आणि पुढं पाण्याला वाट म्हणून माझ्या उसातून चर काढला.

चुलती बांधावर येऊन म्हणाली, "तुजा ऊस कुजंल की रं."

"कुजू दे, काकी," मी म्हणालो.