मुखवटा काढायचा राहिला

रशियानं आकाशात नवा चंद्र सोडल्याची बातमी आमच्या गावात शाळेच्या रेडिओवरून आली. त्या संध्याकाळपासून निम्मं गाव तळ्याच्या पाळीवर माना वर करून उभं राहू लागलं. कोणालाच काही दिसलं नाही. माझ्या मामाला तेवढं दिसलं, कारण त्याला नेहमीच दिसायचं. चांद्याला त्याचा फोटो स्टुडिओ होता आणि त्यात गिऱ्हाइकांपेक्षा बेत जास्त असायचे. त्यातच खाणीवरचा एक साहेब बदली होऊन जाताना आपला चावीचा सिनेमा-कॅमेरा त्याच्या गळ्यात मारून गेला. आधीच मर्कट, त्यात मद्य प्याला.

मामा आमच्याकडे येऊन थडकला तो सगळं ठरवूनच. दुसऱ्या ग्रहावरचा एक जीव आमच्या जंगलात उतरतो, मोठी माणसं त्याला भितात, पोरांशी मात्र त्याची गट्टी जमते, असा मुका सिनेमा काढायचा. कलाकार सगळे गावातले, मिसरूड न फुटलेले. माझे वडील जंगल डेपोत कारकून होते, त्यांनी कपाळाला हात लावला. मला मात्र आनंदाचं भरतं आलं. सातवीनंतर मला घरी बसवलं होतं आणि त्याचा राग मी शिलाई मशीनवर काढत असे. मामा म्हणाला, पोशाख तू शिवायचास. मी गोणपाटाचा अंगरखा शिवला आणि त्याला चंदेरी रंग फासला. मुखवटा घासलेटच्या डब्याचा केला, डोळ्यांच्या जागी निळ्या बाटल्यांची बुडं बसवली. एकदा घालून पाहिला, तर आत माझाच श्वास दुसऱ्या कोणाचा तरी वाटला. मी तो लगेच काढून ठेवला.

त्या जीवाचं काम कोणाला द्यायचं यावर वाद झालाच नाही. तळ्यावर मासे धरून पोट भरणारी एक विधवा बाई होती. तिचा एकुलता एक मुलगा माझ्याच वयाचा, माझ्याच उंचीचा, आणि गावच्या दंडारीत सोंगं घेऊन नाचायचा. सोंग कोणतंही द्या, त्याची चाल तो बरोबर शोधून काढी. या सोंगासाठी तो आठवडाभर तळ्याकाठी बसून ढोकरी, तो मातकट बगळा, कसा चालतो ते बघत राहिला. पाय उचलायचा, हवेत थांबवायचा, मग जमिनीची परवानगी घेतल्यासारखा हळूच टेकवायचा. ढोकरीच्या पावलासारख्या तीन बोटांच्या खडावाही त्यानं सागाच्या फळीतून स्वतःच कोरल्या. तो चालून गेला की चिखलात मोठाले तीनबोटी ठसे उमटत. आम्ही पोरं त्यांना हसत असू, पण त्यांच्यावर पाय कोणी ठेवत नसे.

काम सुरू होण्याआधी त्याची आई मामाकडे आली. पदर खोचून अंगणातच उभी राहिली.

"भाऊ, माह्या पोराचं तोंड दिसन ना शिनमात?"

मामा म्हणाला, "दिसेल की."

"नाई, नीट सांगा. याच्या बापाचा एक फोटो नाई मापाशी. आता डोळे मिटले तं त्याचं तोंडबी येत नाई समोर. याचं तरी दिसू द्या."

मग मामानं तिला शेवट सांगितला. शेवटी तो जीव मुखवटा काढतो आणि आतून आपल्यासारखंच एक लेकरू निघतं. अख्ख्या सिनेमाचा जीव त्यातच आहे, तो प्रसंग सगळ्यात शेवटी घेऊ, असं त्यानं तिला वचन दिलं. बाई राजी झाली. तेव्हापासून रोज वाटेत मला गाठून विचारायची, "आज काढला का वं मुखवटा?" आणि मी रोज म्हणायची, अजून नाही.

आमच्याकडे घराबाहेर पडताना कोणी 'जातो' म्हणत नाही. 'येतो' म्हणायचं असतं. तो मुलगा पोशाख बगलेत मारून निघाला की उंबऱ्यावरून ओरडायचा, "येतो वं माय!" आमच्या घरापर्यंत ऐकू यायचं.

भर दुपारी आम्ही जंगलाच्या कडेला काम करत असू. मामा कॅमेऱ्याला चावी देई, चावी संपेपर्यंत तो करकरत राही, आणि तेवढ्या वेळात जे व्हायचं ते होई. एके दिवशी तो मुलगा पोशाख घालून मोहाच्या झाडामागून बाहेर आला आणि गावाची गुरं राखणारा गायकी गुरं घेऊन जात होता ती गुरं जागच्या जागी थांबली. एकही हंबरलं नाही. गावातली चार कुत्री आमच्या मागे मागे असायची, ती भुंकली नाहीत, शेपट्या पोटात घालून खाली बसली. तो त्या सगळ्यांमधून आपल्या त्या चालीनं निघून गेला. मामा खूश झाला. मला उन्हातही काटा आला, आणि तो मुखवट्याआडून हसतोय की नाही ते काही कळेना.

शेवटचा प्रसंग तेवढा राहिला होता. त्यासाठी फिल्मचा तुकडा शिल्लक ठेवून मामा स्टुडिओच्या कामाला चांद्याला गेला, तो परत येईपर्यंत सगळं संपलं. हिवताप आमच्याकडे घरोघरी असायचाच, कोणी फारसा मनावर घेत नसे. त्या मुलाचा ताप डोक्यात चढला. धानाची कापणी चालू होती, बैलगाडी मिळायला उशीर झाला, आणि दवाखान्याच्या वाटेवरच तो गेला. मी मशीनवर बसले की चंदेरी रंगाचा वास यायचा.

दहाव्याच्या आदल्या संध्याकाळी त्यांच्या घरी रीतीप्रमाणे तो झोपायचा त्या जागी दिवा लावला, शेजारी तांदळाचं पीठ पसरलं आणि त्यावर टोपलं झाकलं. सकाळी पिठात ज्याचा ठसा उमटेल त्याच्या जन्माला माणूस गेलं, असं मानतात. सकाळी टोपलं उचललं तेव्हा आम्ही बायका दारात उभ्या होतो. पिठात तीनबोटी ठसा होता. एकच, नखभर.

म्हाताऱ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. "पाखरू झाला. बेस झालं."

त्याच्या आईनं मात्र माझ्याकडे पाहिलं. पाखराचा ठसा तो, त्यात नवल काय? पण तोच ठसा गेले कित्येक दिवस आम्ही तळ्याकाठच्या चिखलात पाहत होतो. म्हाताऱ्यांचं खरं की तिचं, हे मला आजही सांगता येणार नाही.

त्यानंतर ती बाई बदलली. रडायची थांबली आणि कान देऊन बसू लागली. मी भाकरी घेऊन गेले तर म्हणाली, "रोज येते तो. दुपारी, समदे वावरात गेले का येते. खडावा वाजतेत."

"मावशी, खडावा आमच्या माळ्यावर आहेत. मी स्वतः ठेवल्या."

"मले ठाऊक हाये. तरी येते. 'येतो' म्हणून गेला ना तो. अन् मुखवटा घालूनच येते, तोंड दावत नाई. तुमी काढलाच नाई त्याचा मुखवटा. तसाच गेला तो."

मी त्या दुपारी घरी आले आणि माळ्यावर चढले. खडावा होत्या तिथंच होत्या. त्यांच्या बुडाशी ओला चिखल होता की मला वाटला, देव जाणे. मी हात लावला नाही.

मामाला निरोप धाडला. हाती घेतलेलं अर्धं टाकायची त्याची जन्माची खोड, पण या वेळी तो मुकाट्यानं आला. बाईचं मागणं एकच होतं: राहिलेला प्रसंग घ्या, त्याचा मुखवटा काढा. पोशाख कोण घालणार यावर गावातली झाडून सगळी पोरं पसार झाली. उंचीनं त्याच्याएवढी मीच होते. आईनं आकांत केला, वडील संतापले. मी म्हटलं, शिवला मी, घालीनही मीच. भीती वाटत होती, खोटं कशाला सांगू? पण त्या बाईचं ते कान देऊन बसणं मला बघवत नव्हतं.

त्याच मोहाखाली मी उभी राहिले. डब्याच्या आत श्वास घुमत होता. मामाच्या शेजारी ती बाई उभी होती. मामानं हात वर केला, मी चालू लागले. मला ती चाल येत नव्हती, मी कधी करून पाहिलीच नव्हती. पाय उचलला, हवेत थांबला, आणि हळूच टेकला. पुढच्या पावलाला मी काहीच केलं नाही, ते आपोआप पडलं. उजेडात आले, दोन्ही हातांनी मुखवटा काढला आणि समोर पाहिलं. कॅमेऱ्याची चावी संपली.

रीळ मुंबईला धुवायला गेलं. ते परत आलं तेव्हा होळी जवळ आली होती. गावोगाव सरकारी चित्रपट दाखवणाऱ्या गाडीवाल्याला मामानं गळ घातली आणि दिवेलागणीला शाळेच्या भिंतीवर धोतर ताणलं. गाव लोटलं होतं. बाई पुढे बसली होती, मी तिच्या शेजारी. पडद्यावर तो चालत आला तेव्हा मागे कोणीतरी हुंदका दिला. ती मात्र हलली नाही.

मग शेवटचा प्रसंग आला. मुखवटा निघाला, आणि खाली चेहराच नव्हता. नुसता पांढरा उजेड. मामा कपाळ बडवून पुटपुटला की भिंग उघडंच राहिलं, उन्हानं सगळं जाळलं. असेल. त्या उजेडात हळूहळू हनुवटीची एक रेघ दिसली, मग भुवया, मग किंचित हसणारं तोंड. तिथं उभी मी होते, हे मला पक्कं ठाऊक होतं. पण ते तोंड माझं नव्हतं, आणि मी तर हसलेही नव्हते.

"दिसला," बाई म्हणाली. मोठ्यानं नाही, आपल्याशीच.

रीळ संपलं, भिंतीवर काळोख झाला. माणसं कंदील शोधू लागली. त्या काळोखात तिनं माझ्याकडे वळून माझ्या चेहऱ्यावरून हात फिरवला. कपाळ, डोळे, गाल, हनुवटी. मासळीचा वास असलेला तो खरखरीत हात.

"पाह्यलं रे बाबा तुले," ती म्हणाली. "आता 'येतो' नोको म्हणू. 'जातो' म्हण."

असं कोणी कोणाला म्हणत नाही, म्हणायला लावतही नाही. पण तिचा हात अजून माझ्या गालावर होता.

"जातो वं माय," मी म्हणाले.

तिनं हात काढून घेतला. मी उठले आणि अंधारात घराकडे चालू लागले. मागे वळून पाहिलं नाही.