लवकर गढुळणाऱ्या बाटल्या

“पोरीच्या हाताला गुण हाय. न्हाई तर जंतू एवढ्या जल्दी वाढतेत व्हय?” भांडार सांभाळणारे सोपानमामा दाराबाहेर कुणाला तरी सांगत होते. आत मी, हातात बाटली. माझं कौतुक इतक्या मोठ्या आवाजात आधी कधी झालं नव्हतं. घरी हा किस्सा अजून हसत सांगतात. त्याच्या पुढचं मात्र मी घरी आजवर कुणाला सांगितलेलं नाही — तुम्हाला सांगते.

जालन्याच्या एमआयडीसीत, एका बियाणं कंपनीच्या प्रयोगशाळेत मी नवीन होते. आमच्या जिवाणूंमध्ये प्लास्मिड घातलेलं असायचं — डीएनएचं एक छोटंसं कडं, त्यावर कपाशीसाठीचा जनुक. जिवाणूला त्याचा काय उपयोग? काहीच नाही. तरी त्याच्या नकला काढायच्या, त्यावरची प्रथिनं बनवायची. खायचं स्वतःचं आणि राबायचं आमच्यासाठी. मग तो हळूहळूच वाढणार. एखाद्याकडून कडं सुटलं की तो मोकळा, भराभर वाढून सगळी बाटली व्यापतो. म्हणून बाटलीत अँटिबायोटिक घालायचं. त्यातून वाचण्याची सोय कड्यावरच असते. कडं सोडणारा वाढतच नाही.

एका सोमवारी मी ते घालायला विसरले. विसरलेच — तेवढं खरं आहे. दुपारी चारलाच बाटली गढूळ, म्हणजे जिवाणू भरपूर वाढलेले. प्रयोगशाळेचे प्रमुख, आमचे सर, खूश झाले. म्हटलं, उद्या सांगू. आणि दुसऱ्या दिवशी मी — हे लिहायला जड जातंय — मुद्दाम घातलं नाही. कालच्या बाटलीतला थेंब आजच्या बाटलीत, आजचा उद्याच्या. आत प्लास्मिड उरलंय का, हे तपासायचं सामान हैदराबादहून अजून यायचं होतं. कळणार कुणाला?

माझ्या शेजारच्या टेबलावर वंदनाताई असायच्या. केदारखेड्याच्या, माझ्याहून मोठ्या, सगळं मापून-मोजून करणाऱ्या. त्यांच्या बाटल्या दुसऱ्या दिवशी सकाळी गढूळ व्हायच्या. आम्हा दोघींतली एकच प्रयोगशाळेत राहणार होती, दुसरी पॅकिंगला जाणार होती. हे आम्हाला दोघींनाही माहीत होतं.

“दाखव की गं मला, तू कसं करती,” एक दिवस त्या म्हणाल्या. वही उघडून उभ्या राहिल्या. अँटिबायोटिक आधीच घातलंय असं मी दाखवलं. पण मग वेगळं काय सांगायचं? “बाटलीच्या तोंडाला कापूस जरा सैल लावा,” मी म्हटलं, “आणि बाटली अकरा वेळा उजवीकडे फिरवा.” कुठून सुचलं, देव जाणे. त्यांनी लिहून घेतलं. अकराच्या खाली रेघसुद्धा मारली.

आठवडाभर त्या ओठांत आकडे मोजत बाटल्या फिरवत होत्या. सोपानमामा म्हणाले, “वंदनाबाई, जंतू हाईत ते. जात्यावर दळून राह्यल्या का?” सगळ्यात मोठ्यानं ताईच हसल्या. मीही हसले. चूक लपवली ते एक. पण त्या हसण्याला काय म्हणू?

शनिवारी चहाच्या वेळी सरांनी सांगितलं, वंदनाबाई सोमवारपासून पॅकिंगला. ताईंनी बशी खाली ठेवली. “बराबर हाय सर, माझा हातच जड,” त्या म्हणाल्या, आणि माझ्याकडे वळल्या. “तू शिकवलं गं चांगलं. मलाच न्हाई जमलं.”

मी कधी आपणहून बोलत नसे. त्या दिवशी उभी राहिले. आधी घशात इंग्रजी वाक्यं आली; ताईंनाही कळावं म्हणून ती गिळली.

“सर, ताईंच्या बाटल्या हळू वाढतात, कारण त्यांच्यात प्लास्मिड आहे. माझ्या बाटल्यांत बहुतेक नसेलच. दोन महिने मी अँटिबायोटिक घातलेलं नाही. आणि ताई, ते अकरा वेळा फिरवायचं — ते मी रचून सांगितलं होतं.”