थापी घरी नेणारा गवंडी

१९९४ च्या रमजान ईदच्या दुसऱ्या दिवशी आष्ट्याचा एक गवंडी आखातात कामाला उतरला आणि त्याच दिवशी तिथल्या मालकाने त्याचा पासपोर्ट कुलपात टाकला. हा अन्याय आहे, आणि तो अजून चालू आहे.

परत आल्यावर तो मला रोज संध्याकाळी एसटी स्टँडवर दिसायचा. परदेशी जाणाऱ्या कामगारांना त्यांचे हक्क कळावेत म्हणून मी तिथे पत्रकं वाटायचो. तो बाकावर बसून फडक्याने थापी पुसायचा आणि मला डिवचायचा, "काय रं, आज किती जणांनी भेळ खाल्ली तुझ्या कागदावर?"

एकदा मी चिडून विचारलं, "आवं, पण तुमी पासपोर्ट दिलाच कसा?"

"आरं, काम संपंस्तोवर गवंडी थापी-ओळंबा मालकाच्याच घरी ठेवतो न्हवं? तसाच पासपोर्ट ठिवला. त्यानं मागायच्या आधी मीच दिला."

तो तिकडे जाऊन दोन वर्षं झाली आणि इकडे त्याची अम्मा अंथरुणाला खिळली. मालक कुलूप काढेना. हा घरी पोचला तेव्हा तिला माती देऊन सात महिने झाले होते.

"शेवटी दाराकडं तोंड करून निजायची म्हणं," तो म्हणाला, आणि थापी पिशवीत घातली. आता तो ती कुणाच्याच घरी ठेवत नाही.

माझ्या पत्रकात पासपोर्टची ओळ सगळ्यात शेवटी होती. मी ती पहिली केली.

तुमच्या घरातून कुणी परदेशी कामाला निघालं असेल तर त्याला आजच समोर बसवा आणि सांगा: मालक कितीही भला वाटू दे, पासपोर्ट आपल्याच खिशात ठेव.