मिठाचं पाणी

अलका गेल्याचं मला तिच्या नवऱ्याच्या व्हॉट्सॲप स्टेटसवरून कळलं. हार घातलेला फोटो आणि खाली ‘भावपूर्ण श्रद्धांजली’. मी महाळुंग्याच्या फ्लॅटमध्ये भाजी चिरत होते. गॅस बंद केला, स्टेटस परत उघडून बघितलं, आणि खरं सांगते, रडू आलं नाही, आधी संताप आला. अशी कशी निघून गेलीस गं... माझ्याशी बोलायचं राहिलं होतं तुझं. साधा ताप म्हणून अंगावर काढला म्हणे, डेंग्यू निघाला तोवर उशीर झाला होता. विचारेल त्याला ‘व्हय, बरं वाटतंय’ म्हणत राहिली असणार. गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलायची रीत आहे, म्हणून इतके दिवस हे लिहायचं टाळलं. पण नुसतं चांगलं लिहिलं तर ती अलका होणार नाही, दुसरीच कुणी तरी होईल.

माणमध्ये मी त्यांच्या घरामागच्या खोलीत भाड्यानं राहायचे. मूळची मी परभणीची, नोकरी हिंजवडीत. अलका घरमालकांची सून. जमीन बरीचशी आयटी पार्कात गेलेली, मागे राहिल्या होत्या शेळ्या आणि भाड्याच्या खोल्या, आणि दोन्हींचं सगळं अलकाच बघायची. ‘मॅडम, भाजीची सालं टाकू नगा, शेरडांस्नी द्या,’ एवढ्यावरून आमचं बोलणं सुरू झालं, आणि बघता बघता मॅडमची ताई झाले. रोज संध्याकाळी ऑफिसातून आले की ती सालं न्यायच्या निमित्तानं यायची आणि तास तास बसायची. त्या गावात माझं म्हणावं असं तेवढं एकच माणूस होतं. तिचा एक स्वभाव मात्र मला पहिल्यापासून खटकायचा. कुणालाही, कशालाही नाही म्हणायची नाही. सासूला व्हय, नवऱ्याला व्हय, भाडेकरूंनाही व्हय. मी चिडवायचे, ‘अगं, शेळीनं काही विचारलं तरी तू व्हयच म्हणशील.’ त्यावरही हसून ‘व्हय की’ म्हणायची.

बुगडीचं खूळ तिचंच. खोल्यांत राहणाऱ्या पोरींच्या कानाच्या वरच्या कडेला खडे दिसायचे, ते ती टक लावून बघायची. ‘आत्याबाईंची बुगडी डब्यात पडून हाय ताई, पर माझ्या कानाला वरचं भोकच न्हाई. तुमी बी टोचा, मला एकटीला भ्या वाटतंय.’ आत्याबाई म्हणजे तिची सासू. मला कान टोचायची काडीची हौस नव्हती. पण आयुष्यात पहिल्यांदा ती स्वतःसाठी काही मागत होती, कसं नाही म्हणणार? गेलो दोघी हिंजवडीत. टोचणाऱ्या पोरानं बजावून सांगितलं की कानाची पाळी मऊ असते, ती लवकर भरते, वरची कड कडक, तिला महिनेच्या महिने लागतात. उकळून गार केलेल्या पाण्यात चिमूटभर मीठ घालून दोन वेळा पुसायचं. तेल नाही, हळद नाही, खडा फिरवायचा नाही, त्या कुशीवर झोपायचं नाही. अलका प्रत्येक वाक्याला व्हय म्हणाली.

मग आमचा नेम सुरू झाला. संध्याकाळी मी वाटीत मिठाचं पाणी करायचे, ती माझ्या गुडघ्यावर डोकं टेकायची आणि मी कापसानं तिचा कान हलक्या हातानं पुसायचे. ‘गुदगुल्या व्हत्यात वो,’ म्हणून खिदळायची. तिचं झालं की माझा कान ती पुसायची, तेही जीभ दाताखाली धरून. माझा कान छान भरत आला. तिचा मात्र लाल होत गेला. एकदा कापसावर पिवळं दिसलं म्हणून विचारलं, तर म्हणाली, ‘सैपाकात हळदीचा हात लागला आसंल.’ मी विश्वास ठेवला. का ठेवू नये? प्रत्यक्षात, हे मला फार उशिरा कळलं, माझ्याकडून उठून ती पुढच्या घरात जायची आणि सासूपुढे बसायची. कानाच्या पाळीला लावतात तसं कोमट तेल-हळद सासू चोपडायच्या आणि खडा गरगर फिरवायच्या. मला व्हय, त्यांनाही व्हय. दोघींपैकी एकीला दुखवायचं धाडस नाही, मग कान गेला तरी चालेल! शेवटी कान सुजून कपाळापर्यंत ठणका लागला, आणि डॉक्टरांना चीर देऊन पू काढावा लागला. कानाची कड कायमची चुरगळली.

दुसऱ्या दिवशी अंगणात सासूबाईंनी मला उभं केलं. ‘चांगल्या घरच्या सुनंला नादी लावलं तुमी. मिठाच्या पाण्यानं कुटं जखम बरी व्हती व्हय? शेळीच्या कानाला बी कुनी मीठ लावत न्हाई.’ अलका दाराला टेकून उभी होती, डोक्याला पट्टी. मी तिला विचारलं, ‘अलका, टोचायला चला असं तूच म्हणालीस ना मला?’ तिनं सासूकडे बघितलं, नवऱ्याकडे बघितलं. म्हणाली, ‘न्हाई.’ इतक्या दिवसांत तिच्या तोंडून ऐकलेला तो पहिला नकार, आणि तो माझ्या वाट्याला आला. महिना भरला की खोली रिकामी करा, असं सासूबाईंनी सांगितलं. सामान टेम्पोत चढवताना अलका शेळ्यांना पाला घालत होती. वर बघितलं नाही.

पुढे वर्षं गेली. एकदा बाजारात समोरासमोर आलो, तर डोक्यावरचा पदर कानांवर ओढून जणू काही घडलंच नाही अशा थाटात हसली. ‘कश्या हायसा ताई? येते की एकदा घरी.’ मला घरी यायला नको होतं गं तुझं. ‘माझं चुकलं’ एवढे दोनच शब्द हवे होते. ते तिला भर बाजारातही सुचले नाहीत.

दिवसकार्य उरकल्यावर मी भेटायला गेले. सासूबाई एकट्याच होत्या, पार खचलेल्या. म्हणाल्या, ‘अंगावरचं काढताना बुगडीची फिरकी निघंना वो...’ मला कळेना, कुठली बुगडी? ‘उजव्या कानात. तुमी गेल्यावर दिवाळीला माझ्याम्होरं बसून रडली. म्हणली, आत्याबाई, ताईंचा काय बी दोष न्हाई, मीच नेलं व्हतं त्यांस्नी, तेल-हळदीचं बी मीच लपवलं. मग मीच म्हणलं, टोच दुसरा कान. रोज मिठाचं पाणी लावायची. मी तेलाची वाटी घेऊन आले तर न्हाई म्हणली, ताईंनी सांगितलंय म्हणली. कान झ्याक बरा झाला.’

म्हणजे सासूला नाही म्हणायला शिकली होती. खरं बोलायलाही शिकली होती. त्या घरात सगळ्यांना सगळं ठाऊक होतं, आणि मी इकडे वर्षानुवर्षं गुन्हेगारासारखी माणच्या फाट्यावरून मान वळवून जात होते. मी विचारलं, ‘मग मला का नाही सांगितलं तिनं?’ सासूबाई पदरानं डोळे पुसत म्हणाल्या, ‘मी लई येळा म्हणलं, माडमला फोन लाव. व्हय, लावते म्हणायची.’

त्यांनी चहा टाकते म्हटलं, मी नको म्हटलं. अलका, तुला माफ केलंय असं लिहिलं तर वाचणाऱ्यांना बरं वाटेल, पण ते खोटं होईल. या काळात मी घर बदललं, कंपनी बदलली. कंपनीनं नवीन सिम दिलं तेव्हाही जुना नंबर चालू ठेवला. तो फक्त तुझ्याकडेच होता असं नाही, पण ठेवला तो तुझ्यासाठीच.