दोन डोळ्यांमधले आठ दिवस

आबांच्या टाचेला एक वास होता. रानातल्या तापलेल्या मातीचा, मेंढरांच्या लोकरीतून हातापायांत मुरलेल्या तेलकटपणाचा आणि टायरच्या तळव्याच्या पायताणाचा, असा तिन्हींचा मिळून झालेला तो वास मी अजूनही हजार वासांतून वेगळा काढीन; कारण आपल्या बापाची टाच इतक्या जवळून कुणी पाहिली असेल असे मला वाटत नाही. म्हसवडच्या पुढे आमच्या वस्तीवर आषाढात पाऊस थोडा आणि वारा फार असतो. त्या वाऱ्याच्या दिवसांत आबा मेंढरे घेऊन पश्चिमेकडून परत येत, अंगणातल्या लिंबाखाली टेकत, पाय माझ्या मांडीवर टाकत आणि म्हणत, "बघ गं रूपा, काय सलतंय." मी चष्मा काढून आईच्या हातात देई आणि नाक जवळजवळ टाचेला टेकवून शोध सुरू करी.

माझ्या दोन्ही डोळ्यांचा नंबर उणे पंधराच्या आसपास. चष्मा काढला की चार बोटांपलीकडचे सगळे विरघळते. झाड, माणूस आणि भिंत यांच्यात फरक उरतो तो केवळ रंगाचा. पण त्या चार बोटांच्या आत मला काय लाभले होते, ते चांगल्या डोळ्यांच्या माणसांना सांगून कळायचे नाही. तिथे मला कातडीवरचे छिद्रन्‌छिद्र दिसे, भेगेच्या तळाशी बसलेली धूळ दिसे, आणि त्या धुळीखाली मोडून राहिलेले बोरीच्या काट्याचे काळपट टोक दिसे, जे भर उन्हात चार जणांनी मिळून शोधूनही सापडलेले नसे. मग आईच्या बांगडीतली पिन, कातडी ताणून धरणारा माझा अंगठा आणि आबांचा रोखलेला श्वास. आठ वर्षांची असल्यापासून अख्ख्या वस्तीचे काटे मी काढले. शाळेत मला 'ढापणी' म्हणून चिडवणारी पोरे संध्याकाळी लंगडत आमच्याच अंगणात येत, तेव्हा मी त्यांना मुद्दाम जरा वेळ ताटकळत ठेवी. एवढा सूड मला पुरत असे.

आता मी उंब्रजला राहते, शाळेत भूगोल शिकवते. नवरा सैन्यात, दूर सरहद्दीवर. महामार्गाच्या कडेच्या या गावात वाहनांची धार दिवसभर तुटत नाही. गेल्या पावसाळ्यात शाळेतून परतताना घामाने निसरडा झालेला चष्मा नाकावरून घसरला, सर्व्हिस रोडवर पडला, आणि मागून आलेल्या चाकाखाली त्याचा जो आवाज झाला तो मी ऐकला. मी होते तिथेच उभी राहिले. हॉर्न चहूकडून येत होते, अंगाला वारा घासून जात होता, आणि पाऊल पुढे टाकावे की मागे तेच उमगेना. मुलांना पृथ्वीवरच्या दिशा शिकवणारी मी एकतीस वर्षांची बाई, पण "कुणी आहे का?" एवढेदेखील तोंडातून फुटेना. अखेर कुणा बाईने दंडाला धरून मला कडेला नेले. तिच्या हाताला मेथीचा वास होता, याहून अधिक तिच्याविषयी मला काहीच ठाऊक नाही. त्या दिवसापासून चष्मा डोळ्यांवर असतानाही मी तो हाताने चाचपू लागले.

सांगलीला नेत्रतज्ज्ञ बाईंकडे गेले ती लेसरने नंबर घालवायच्या इराद्याने. दोन दिवस वेगवेगळ्या यंत्रांवर हनुवटी टेकवून झाल्यावर बाई म्हणाल्या, "लेसर म्हणजे डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा तासणं. तुमचा पडदा मुळात पातळ आणि नंबर एवढा मोठा. तासायचं काय?" दुसरा मार्ग होता. डोळ्याच्या आत, रंगीत पडद्याच्या मागे आणि आपल्या स्वतःच्या भिंगाच्या पुढे, एक मऊ, नखाहून पातळ लेन्स सरकवून ठेवायची. आपले भिंग जिथल्या तिथे राहते, आणि वेळ पडली तर ही लेन्स पुन्हा काढताही येते. तिचे माप मात्र ज्याच्या त्याच्या डोळ्याचे. सैल झाली तरी त्रास, घट्ट झाली तरी त्रास. डोळ्यातला दाब वाढू शकतो, मोतीबिंदू लवकर येऊ शकतो, जंतू शिरू शकतात, आणि मागचा पडदा तुमच्यासारख्यांचा नाजूक तो नाजूकच राहील, दरवर्षी तपासावा लागेल, हे सगळे बाईंनी न लपवता सांगितले. त्यांचा हा स्पष्टपणा मला आवडला, आणि त्यानेच माझी झोप उडवली.

"लांबचं चष्म्यापेक्षाही बरं दिसेल," त्या म्हणाल्या.

"आणि जवळचं?"

"वाचता येईल, सुईत दोरा ओवता येईल. पण हे तुम्ही नाकाशी धरून बघता ना, ते जाईल. चारचौघांना दिसतं तसं दिसेल."

चारचौघांना दिसत नाही म्हणून तर लोक माझ्याकडे येत होते. हे मी बाईंना सांगितले नाही. पायातला काटा दिसावा म्हणून आंधळेपण पत्करणारी बाई असे त्यांनी मला समजू नये, एवढीच तेव्हा काळजी वाटली.

मापाची लेन्स यायला काही आठवडे लागणार होते. तो काळ मी कसा काढला ते मलाच ठाऊक. मी भित्री आहे, हे इथेच सांगून टाकते. दाताच्या डॉक्टरकडेही मी आईला घेऊन जाते. वर्गात नकाशावर काठी फिरवता फिरवता मध्येच मनात येई, की हा सातपुडा, ही कृष्णा, सगळे बघून घ्यावे, कोण जाणे. नवरा फोनवर म्हणाला, "आगं टेन्शन कशाला घेती? आपरेशन हाय, लढाई न्हाई." लढाईत निदान डोळे मिटून घेता येतात, असे माझ्या अगदी ओठांवर आले होते. आई सिद्धनाथाचा अंगारा घेऊन आली, तो पापणीला लावू नका म्हणून नर्सने तिला दटावले, तेव्हा तिने तो गुपचूप माझ्या पायाच्या अंगठ्याला लावला. देवाला कुठूनही पोचता येते, हे तिचे शास्त्र.

दिवाळीच्या सुट्टीत उजवा डोळा झाला. थेंबांनी तो बधिर केला, पापण्या मिटू नयेत म्हणून त्यात चाप बसवला, आणि वर एक पांढरा प्रखर प्रकाश आला, ज्याच्याकडे बघत राहायचे होते. दुखत नव्हते. न दुखण्याचीच मला दहशत बसली. आपल्या डोळ्याला चीर दिली जात आहे आणि आपल्याला कळत नाही, तर आणखी काय काय होऊन जात असेल? प्रकाश हलला, वितळला, पाण्याखालून वर पाहावे तसा थरथरला. "हलू नका हं, झालंच," असे बाई म्हणाल्या, आणि मला एकदम उमजले की हे माझे वाक्य आहे. पिन हातात धरून किती जणांना मी ते म्हटले असेल! आणि ती सगळी माणसे तेव्हा आतून इतकी भ्यालेली होती, हे माझ्या मनाला कधी शिवलेच नव्हते. मी आईचे नाव घेत राहिले.

दुसऱ्या दिवशी डोळ्यावरचे झाकण निघाले. परतताना गाडीच्या काचेतून मला कार्तिकातल्या उन्हात उसाला फुटू लागलेले तुरे दिसले. तुरे मी आधीही पाहिले होते, पण पांढरट धूर म्हणून. त्यांना रेषा आहेत, एकेक काडी वेगळी डुलते, हे त्या दिवशी कळले. तारेवर बसलेला पक्षी मान वळवताना दिसला. मी रडले असते, पण रडायला मनाई असेल की काय या धास्तीने रडू आवरले. मग हळूच तर्जनी त्या डोळ्याजवळ, चार बोटांवर आणली. बोट होते. बोटावरच्या रेषा नव्हत्या.

डावा डोळा आठ दिवसांनी करायचा होता. त्या आठ दिवसांत माझ्याकडे दोन निरनिराळे डोळे होते. उजवा लांबचा, डावा जवळचा. एकावर हात धरला की भिंतीवरच्या कॅलेंडरातली तिथी वाचता येई. दुसऱ्यावर धरला की तांदळाच्या दाण्यावरचा बारीक ओरखडा दिसे. दोन्ही एकदम उघडले की मात्र डोके गरगरे, जिना चढताना पायरी दोनदा येई. हे असेच ठेवता येणार नाही, मेंदूला दोन्ही चित्रे जुळवता येत नाहीत, असे बाईंनी बजावले होते. तरीही तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून माझ्या मनाने निमित्ते शोधायला सुरुवात केली. डावा राहू द्यावा. एका काचेचा चष्मा करून घ्यावा. पुन्हा तो प्रकाश, तो चाप नको. आणि माझी ती चार बोटांची जागा, जिथे मी कधीच कुणाहून उणी नव्हते, ती अशी आपल्या पायांनी चालत जाऊन देऊन यायची? भीती आणि लोभ एकमेकांत इतके मिसळले होते, की मला त्यांचा काटा वेगळा काढता येईना. सातव्या दिवशी सकाळी मी आईला म्हणाले, "मी उद्या जाणार न्हाई." "आबा येत्यात, त्यास्नी सांग," एवढेच आई म्हणाली.

आबा दरवर्षी दिवाळी झाली की मेंढरे घेऊन निघतात. यंदा त्यांनी मेंढरे धाकट्या चुलत्याबरोबर पुढे घातली होती आणि लेकीचे डोळे होईतो थांबतो म्हणून स्वतः मागे राहिले होते. त्या राहण्याचेही मला ओझे झाले होते. त्यांना काय सांगायचे याची जुळवाजुळव करीत मी गॅलरीत काळा चष्मा लावून बसले होते. स्टँडकडून येणारा रस्ता तिथून लांबवर दिसतो. ऊन कलते होते. त्या रस्त्याने एक म्हातारा येत होता. डावा पाय ओढत, चार पावलांवर थांबत, कुंपणाला हात टेकवत. कुणाचा कोण, या वयात एकटा निघालाय बिचारा, असे मला वाटले. औषधाच्या दुकानाच्या हिरव्या पाटीपाशी तो थांबला, डोक्याचा पटका सारखा केला, आणि तिथून पुढे ताठ, झपाझप चालू लागला. त्या चालीवरून मी ओळखले. ते आबा होते.

बाप म्हटले की मला टाच आठवते, कपाळावरची आठी आठवते, कानाच्या पाळीवरचा तीळ आठवतो. पण लांबून चालत येणारा माझा बाप मी आयुष्यात कधी पाहिलाच नव्हता.

"काटा लागलाय आबांना," मी आईला ओरडून सांगितले. वाकायची मनाई होती, म्हणून त्यांना कॉटवर बसवले, पाय खुर्चीवर उशी ठेवून उंच घेतला, उजवा डोळा तळव्याने झाकला आणि डावा टाचेशी नेला. तोच वास. त्याच भेगा, जरा खोल गेलेल्या. टाच झाली, चवडा झाला, बोटांच्या बेचक्या झाल्या. पुन्हा पहिल्यापासून पाहिले. माझा डोळा कधी चुकला नव्हता, आणि आताही चुकत नव्हता. काटा नव्हताच.

"आगं काय न्हाई," आबा पाय काढून घेत म्हणाले. "यस्टीत बसून बसून आखडलाय."

मी त्यांच्या गुडघ्याकडे पाहिले. धोतराखाली तो सुजून केवढा तरी झाला होता. चार बोटांच्या अंतरावर टाच धरून बसणाऱ्या लेकीला गुडघा कधी दिसणार?

चहा झाल्यावर तंबाखू आणतो म्हणून ते खाली उतरले. मी गॅलरीच्या कठड्याशी उभी राहिले. पाटीपर्यंत ते ताठ गेले. पाटी मागे पडली, आणि त्यांनी स्वतःला सोडून दिले. खांदा झुकला, पाय पुन्हा ओढला जाऊ लागला. जुन्या नंबरच्या चष्म्यातून मला त्या पाटीपलीकडचा माणूस ओळखू येत नाही, हे त्यांना पक्के ठाऊक होते. माझी नजर कुठे संपते हे माझ्याइतकेच त्यांनीही मोजलेले होते, आणि किती वर्षे कोण जाणे, ते तिच्या आत येताना सरळ होत आले होते. मेंढरांमागे यंदा ते का गेले नाहीत, हेही मला तिथे उभ्या उभ्याच कळले.

पुडी घेऊन ते परतले. लंगडत, थांबत पाटीपर्यंत आले, पटका सावरला, आणि माझे आबा होऊन चालत खाली येऊन उभे राहिले. मान वर करून त्यांनी विचारले, "का गं, लांबनं दिसलो का?"

"पाटीपाशी आलासा तवा दिसलासा," मी म्हणाले.

त्यांचा चेहरा सैल झाला. "मग उद्या दुसरा बी करून टाक," म्हणत ते जिन्याकडे वळले.

उद्या जायचे नाही, हे सांगायचे राहून गेले. जिन्यावर त्यांची पावले वाजू लागली, एक जड, एक हलके, आणि मी तिथेच उभी राहून विचार करीत होते, की उद्यानंतर दोन्ही डोळ्यांनी हे न दिसल्याचे सोंग मला किती दिवस जमेल.