ओटीचा नारळ आणि मायचे कंद

माझी माय माझ्या सासरी यायची ती रानातल्या कंदांचं गाठोडं घेऊन. गडचिरोलीकडे जंगलाला लागून आमचं गाव. हिवाळ्यात तिथं घरोघरी कंद खणून आणतात आणि निखाऱ्यात भाजून खातात. मूलजवळच्या माझ्या सासरी मात्र धानाची मोठी शेती आणि त्याहून मोठा तोरा. सासू ते गाठोडं परस्पर गोठ्यात ठेवायला लावायची. "हे भुकेकंगालाचं खानं माह्या चुलीवर नाई चढत," म्हणायची. माय तशीच गोठ्याकडे वळायची आणि माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

छप्पन साली आपला जिल्हा मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेला, त्या हिवाळ्यात मला सातवा महिना होता. डोहाळजेवणाला गावातल्या बाया जमल्या. चांद्याहून मुद्दाम आणवलेल्या नारळानं माझी ओटी भरली. ताटात पुरणपोळी वाढली. माय दाराशी अंग चोरून बसली होती, आणि तिचं गाठोडं गोठ्यात.

शेजारच्या म्हातारीनं रीतीप्रमाणे विचारलं, "काय खावंसं वाटते वं तुले?"

"माह्या मायनं आणलेला कंद," मी म्हणाले. "आन् या नारळाची चटणी."

सासूचा चेहरा उतरला. "पुरण सोडून कंद? लोक काय म्हनतीन?"

"मंग मी जेवतच नाई." मी ताट बाजूला सरकवलं.

म्हातारी सासूवरच उखडली. "पोटुशीनं मांगलं ते द्या लागते. डोहाळे अडवले आन् उद्या लेकराचा कान फुटला तं?"

यापुढे सासूचं काही चालेना. पोटुशीनं नारळ फोडू नये, म्हणून तोही तिलाच फोडावा लागला. मायनं सासूच्याच चुलीत कंद भाजले. ओलं खोबरं, हिरवी मिरची, लसूण पाट्यावर लोण्यासारखं मऊ वाटून दह्यात कालवलं. गरम कंदाची साल काढायची आणि फोड त्या चटणीत बुडवायची. बाया बोटं चाटत होत्या, पुरण तसंच राहिलं. सासूनं एकही फोड तोंडात घातली नाही. न घालू दे! माझी माय माझ्याशेजारी पाटावर बसून जेवली, मला तेवढं पुरे होतं.

पुढच्या हिवाळ्यात लेक माझ्या कडेवर होती. माय आली आणि सवयीनं गोठ्याकडे वळली. मी तिच्या डोक्यावरचं गाठोडं उतरवलं आणि थेट चुलीजवळ नेऊन ठेवलं. आता ना डोहाळे होते, ना बाजू घ्यायला ती म्हातारी. सासू पाहत राहिली. पाहू दे, म्हटलं.